चेंडू मोजले, जोर मोजायचा राहिला

1974 साली लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघात दोन पिचर होते. पहिला माइक मार्शल. त्या मोसमातल्या 162 सामन्यांपैकी 106 सामन्यांत तो चेंडू टाकायला उतरला आणि बदली पिचर म्हणून त्याने 208 इनिंग टाकल्या. बदली पिचरने एका मोसमात एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण आजवर नाही. तरीही तो 1981 पर्यंत, वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत, मोठ्या लीगमध्ये खेळत राहिला. दुसरा टॉमी जॉन. सामन्याची सुरुवात करणारा पिचर, तीन-चार दिवसांच्या विश्रांतीनंतर पाळी, वेग बेताचा, हाताची फेक सहज. 17 जुलैला माँट्रियलविरुद्ध एक चेंडू टाकताना डाव्या कोपरात काहीतरी सुटल्यासारखं त्याला वाटलं. आणखी एक टाकून पाहिला, तोही भलतीकडेच गेला. मग तो स्वतःच मैदानाबाहेर चालत आला. तोपर्यंत त्या मोसमात त्याचे 13 विजय होते आणि पराभव फक्त तीन.

कामाच्या ओझ्यानेच हात मोडत असता, तर मोडायला हवा होता मार्शलचा. बेसबॉलमध्ये या कोड्यावरचा वाद गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि आज तो कधी नव्हे इतका तापला आहे.

मराठी वाचकासाठी आधी थोडी ओळख. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग असतात आणि एका इनिंगमध्ये समोरचे तीन गडी बाद करायचे असतात. त्याला साधारण पंधरा-सोळा चेंडू लागतात. पिचर 60 फूट 6 इंचांवरून, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जरा कमी अंतरावरून, जागेवर उभा राहून चेंडू फेकतो. धावत येऊन टाकण्याची सोय नाही आणि कोपर वाकवायला मनाई नाही. हा फरक महत्त्वाचा. क्रिकेटमध्ये कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, म्हणून वेगवान गोलंदाजाचा ताण पाठीवर येतो. बुमराच्या पाठीमुळे ‘वर्कलोड’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. पिचरचा ताण मात्र खांद्यावर आणि कोपरावर येतो. त्यातही कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणारी एक छोटी पट्टी असते, त्या लिगामेंटवर.

आता आकडे. 1884 साली प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने एका मोसमात 678 इनिंग टाकल्या. साय यंगच्या नावावर कारकिर्दीत 511 विजय आणि 749 पूर्ण सामने आहेत, म्हणजे इतक्या वेळा सुरुवातही त्याने केली आणि शेवटही त्यानेच. 1904 च्या सुमारास दहापैकी जवळपास नऊ वेळा सुरुवातीचा पिचरच सामना संपवत असे. 2024 मध्ये दोन्ही संघ धरून 4,800 हून अधिक वेळा पिचरांनी सामने सुरू केले, त्यातले संपवले अवघे 28. त्या वर्षी 200 इनिंगचा टप्पा फक्त चौघांनी गाठला. याच काळात दुखापती मात्र वाढत गेल्या. मेजर लीग बेसबॉलने 2024 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2005 मध्ये पिचर दुखापतींच्या यादीत गेल्याच्या 212 नोंदी होत्या, 2024 मध्ये त्या 485 झाल्या. काम घटलं आणि दुखापतींच्या नोंदी दुपटीहून जास्त झाल्या.

हे आकडे शेजारी ठेवले की जुन्या पिढीचा निष्कर्ष तयारच असतो: पूर्वीचे गडी दणकट होते, आताच्यांना जपून जपून नाजूक करून ठेवलंय. यातला पहिला भाग तपासून पाहिला तर टिकत नाही. दुसरा भाग वेगळ्याच दिशेला घेऊन जातो.

रॅडबर्नचा खेळ मुळात निराळा होता. 1884 मध्ये पिचर 50 फुटांवरून टाकत असे. हात खांद्याच्या वर नेऊन फेकायची पूर्ण मोकळीक त्याच वर्षी मिळाली होती. 60 फूट 6 इंच हे अंतर आलं ते 1893 मध्ये. तरीसुद्धा रॅडबर्नला त्या मोसमात सकाळी केस विंचरायला हात वर उचलवत नसे, असं सांगितलं जातं.

शिवाय जुन्या काळचे हातही मोडत होते. फक्त त्यांची मोजदाद कोणी ठेवत नव्हतं. शिकागोच्या एड वॉल्शने 1908 मध्ये 464 इनिंग टाकल्या, 40 सामने जिंकले आणि 1912 नंतर, एकतिशीतच, तो जवळपास संपला. बॉस्टनच्या ‘स्मोकी’ जो वुडने 1912 मध्ये 34 सामने जिंकले, फक्त पाच हरला. पुढच्याच वर्षी आधी अंगठा आणि मग खांदा गेला. शेवटी तो क्षेत्ररक्षक म्हणून क्लीव्हलंडला परतला आणि बॅटच्या जोरावर टिकला. डिझी डीनच्या पायाच्या बोटावर 1937 च्या ऑल-स्टार सामन्यात जोरकस फटका बसला. दुखरं बोट वाचवायला त्याने फेक बदलली आणि त्यात हात घालवला. ब्रुकलिनच्या कार्ल स्पूनरने 1954 मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून 27 जणांना स्ट्राइकआउट (चेंडू मारू न देता बाद) केलं, दोन्ही सामन्यांत एकही धाव दिली नाही, आणि पुढच्या वर्षी खांद्याने त्याची कारकीर्दच संपवली. अशा खेळाडूंसाठी त्या काळी निदान एकच होतं: हात ‘मेला’. एमआरआय नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती. ओहायोतल्या यंग्सटाउन गावी ‘बोनसेटर’ रीस नावाचा वेल्सहून आलेला एक हाडवैद्य होता, त्याच्या दारात देशभरातले खेळाडू रांग लावत. तिथून बरं होऊन आलं तर ठीक, नाहीतर शेतावर किंवा कारखान्यात परत. जागा भरायला खालच्या लीगमधून दुसरा मुलगा येई.

म्हणजे साय यंग आणि वॉल्टर जॉन्सन यांच्यासारखे पिचर आपल्याला आठवतात ते टिकले म्हणून. जे गळाले ते आठवणीतूनही गेले. पूर्वीच्या दणकटपणाचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारेन: तुम्ही कोणाची नावं मोजताय?

या गळतीची सगळ्यात जवळून पाहता येणारी गोष्ट डॉजर्सच्याच सँडी कूफॅक्स या पिचरची. त्याची कागदपत्रं आहेत, छायाचित्रं आहेत. डॉजर्सचे संख्यातज्ज्ञ ॲलन रॉथ 1947 पासून प्रत्येक चेंडू वहीत टिपून ठेवत, त्यामुळे त्या काळातल्या नोंदीही बऱ्याच आहेत. 1965 च्या सरावाच्या दिवसांत कूफॅक्सचा डावा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडला होता. त्या वर्षी त्याने 335 इनिंगहून अधिक टाकल्या, 382 जणांना स्ट्राइकआउट केलं, आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा सामना दोन दिवसांच्या विश्रांतीवर टाकून एकही धाव न देता जिंकला. हे कसं जमत होतं? सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं, कातडी भाजणारं मलम हाताला चोळायचं. दुखलं की कोडीन. सूज उतरवायला घोड्यांनाही देतात ते ब्युटाझोलिडिन. कोपरात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. सामना संपला की हात बर्फाच्या पाण्याच्या बादलीत. पाण्यात कोपर बुडवून बसलेल्या कूफॅक्सची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. 1966 मध्ये त्याने 27 सामने जिंकले, 27 पूर्ण केले, आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. संधिवाताने झिजलेला हात उरलेल्या आयुष्यासाठी शाबूत ठेवायचा होता. त्याच्या शेवटच्या दोन मोसमांकडे पराक्रम म्हणून बोट दाखवलं जातं, आणि तो पराक्रम होताच. पण त्याला ‘जुन्या काळी हात टिकायचे’ याचा पुरावा म्हणणं मला पटत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. जुन्या काळी जे टिकले त्यांच्या टिकण्यात निव्वळ नशीब नव्हतं, एक पद्धतही होती. क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरने 1912 साली लिहिलेल्या पुस्तकाचा गाभाच हा आहे की पूर्ण ताकद निकराच्या क्षणासाठी राखून ठेवायची. बाकी वेळ पाऊण जोराने टाकायचं, फलंदाजाला चेंडू मारू द्यायचा आणि क्षेत्ररक्षकांवर विसंबायचं. 1920 पूर्वी हे परवडत होतं. एकच चेंडू पुष्कळ वेळ वापरला जाई, तो मऊ पडे, काळा पडे, सीमेपार फारसा जात नसे. पुढेही कित्येक दशकं शेवटच्या तीन-चार फलंदाजांची भीती बाळगायचं कारण नव्हतं. आज नवव्या क्रमांकाचा फलंदाजही चेंडू स्टँडमध्ये भिरकावू शकतो. पाऊण जोराचा चेंडू टाकायची मुभा संपली, ती तिथे.

आता टॉमी जॉनच्या कोपराकडे वळू. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 ला त्याच्या उजव्या मनगटाजवळचा, फारसा उपयोगात नसलेला टेंडन काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ओवून नवं लिगामेंट बनवलं. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी सांगितलं होतं. पुढे मज्जातंतूचा त्रास झाला, पंजा वाकडा होऊ लागला, दुसरी शस्त्रक्रिया झाली. 1975 चं सगळं वर्ष गेलं. 1976 मध्ये जॉन परतला, 1989 पर्यंत खेळला आणि त्याच्या एकूण 288 विजयांपैकी 164 या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आपल्या हातावर हे का केलं नाही, असं कूफॅक्स पुढे जोबना विचारत असे.

‘टॉमी जॉन’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेने हजारो कारकिर्दी वाचवल्या. तिच्यामुळे दुखापतींचा आकडाही वाढलेला दिसतो, हे मात्र कमी वेळा सांगितलं जातं. पूर्वी ज्याचा हात ‘मेला’ तो यादीतून नाहीसा व्हायचा. आता तो शस्त्रक्रिया करून घेतो, परत येतो, पुन्हा दुखावतो आणि प्रत्येक वेळी मोजला जातो. निदानही बारकाईने होतं. 2017 मध्ये यादीचा किमान मुक्काम पंधरा दिवसांवरून दहावर आला, तेव्हा किरकोळ दुखण्यालाही संघ यादीत घालू लागले (पिचरांसाठी तो 2022 पासून पुन्हा पंधरा झाला आहे). तेव्हा 212 आणि 485 मधला सगळा फरक नव्या दुखापतींचा नाही. पण सगळा कागदोपत्रीही नाही. मोठ्या आणि खालच्या लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया 2010 मध्ये 104 झाल्या होत्या, 2024 मध्ये 281. एवढी वाढ नुसत्या नोंदींच्या सवयीने होत नाही.

चेंडू मोजण्याची पद्धत आली ती खऱ्या जखमांमधून. 1980 मध्ये व्यवस्थापक बिली मार्टिनच्या ओकलंड संघाच्या पिचरांनी 94 सामने पूर्ण केले. रिक लँगफर्ड 28, माइक नॉरिस 24, मॅट कीओ 20. तरुण पिचरांची ती फळी काही वर्षांतच मोडीत निघाली. 1998 मध्ये शिकागो कब्जच्या विशीतल्या केरी वुडने एका सामन्यात 20 जणांना स्ट्राइकआउट केलं. 1999 चा पूर्ण मोसम त्याने कोपराच्या शस्त्रक्रियेत घालवला. त्याच संघाच्या मार्क प्रायरकडून 2003 च्या सप्टेंबरमध्ये सामन्यामागून सामन्यात 120-130 चेंडू टाकून घेतले गेले. 2006 मध्ये, पंचविशीतच, तो मोठ्या लीगमधला शेवटचा सामना खेळला. आज तो डॉजर्सचा पिचिंग प्रशिक्षक आहे. याच काळात विश्लेषक रॅनी जझायर्ली यांनी पिचरच्या ‘छळाचे गुण’ मोजायचं सूत्र मांडलं. शंभरी ओलांडली की प्रत्येक जादा चेंडूचं वजन वाढत जायचं. मालकांना आपली गुंतवणूक दिसू लागली. शंभर चेंडू ही लक्ष्मणरेषा झाली, चार पिचरांची पाळी तर आधीच पाचांची झाली होती.

या सावधगिरीचं टोक म्हणजे स्टीफन स्ट्रासबर्ग. 2010 मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या या पिचरला वॉशिंग्टनने 2012 मध्ये 159 इनिंग झाल्यावर सप्टेंबरमध्येच घरी बसवलं. संघ बादफेरीत त्याच्याविना खेळला आणि हरला. 2019 मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सात वर्षांचा 24.5 कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर तो फक्त आठ सामने खेळू शकला. जपलं म्हणून 2019 आलं, की जपूनही शेवटी हात गेलाच? दोन्ही बाजूंचे लोक याच माणसाचं उदाहरण देतात. एका माणसावरून हे ठरणार नाही, इतकंच मला त्यातून दिसतं.

ठरवायचं तर कोपराच्या आत काय घडतं ते पाहावं लागतं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये ग्लेन फ्लायसिग आणि त्यांचे सहकारी तीन दशकांहून अधिक काळ कॅमेऱ्यांनी पिचरांची फेक टिपत आहेत. फेकीच्या एका क्षणी छाती पुढे निघालेली असते आणि हात मागेच राहिलेला असतो. कोपरापुढचा हात पार मागे, जवळजवळ जमिनीला समांतर, कलतो. त्या क्षणी कोपराला उघडू पाहणारा पीळ 64 न्यूटन-मीटरच्या आसपास असल्याचं त्यांनी 1990 च्या दशकात दाखवलं. मृतदेहांवरच्या प्रयोगात हे लिगामेंट एकटं याच्या निम्म्याच ताणाला तुटतं. बाकीचा भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. ते थकले की सगळं लिगामेंटवर येतं. त्यानंतर लगेच खांदा सेकंदाला सात हजार अंशांहून जास्त वेगाने फिरतो. माणसाच्या शरीराच्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक. म्हणजे पूर्ण जोराचा प्रत्येक चेंडू मर्यादेच्या काठावर टाकला जातो. दिवसाला पंचवीस असोत की शंभर, काठ तोच.

उलट बाजूचं उदाहरण आर. ए. डिकीचं. 1996 मध्ये करार व्हायच्या वेळी तपासणीत कळलं की त्याच्या उजव्या कोपरात हे लिगामेंटच नाही. 8 लाख 10 हजार डॉलरचा प्रस्ताव 75 हजारांवर आला. पुढे तो जवळजवळ न फिरणारा, मंद नकलबॉल टाकायला शिकला आणि 2012 मध्ये 233 इनिंग टाकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. नकलबॉल टाकणाऱ्याच विल्बर वुडने 1972 मध्ये 376 इनिंग टाकल्या होत्या. ग्रेग मॅडक्सने पाच हजारांहून अधिक इनिंग टाकल्या, त्याही कोपराच्या मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय; त्याचा जलद चेंडू उत्तरार्धात ताशी 90 मैलही गाठत नसे. नोलन रायन तेवढा या मांडणीत बसत नाही. शंभर मैलांनी टाकणारा, 1974 मध्ये एका सामन्यात 235 चेंडू टाकलेला आणि 27 मोसम खेळलेला रायन. त्याचंही लिगामेंट अखेर 1993 मध्ये तुटलं, पण तेव्हा त्याचं वय 46 होतं. असा एखादा हात असतो. पण त्याच्या मापाने बाकीच्या हातांचं वेळापत्रक आखता येत नाही.

वेगाचे भरवशाचे आकडे सगळ्या मैदानांवर 2008 पासून मिळतात. तेव्हा सरळ जलद चेंडूचा सरासरी वेग ताशी 91 मैलांच्या जरा वर होता. 2024 मध्ये तो 94 च्या वर, म्हणजे 150 किलोमीटरहून जास्त, गेला. सरासरीच तीन मैलांनी वर सरकली, एखाद-दुसऱ्या तोफखान्याची ही गोष्ट नव्हे. जेकब डीग्रॉम वय वाढलं तसा आणखी जलद होत गेला, 2021 मध्ये सरासरी 99 मैलांवर पोचला, आणि 2021 ते 2024 या चार मोसमांत मिळून त्याला जेमतेम 35 सामने सुरू करता आले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर 2025 मध्ये वेग जरा आवरून त्याने 30 सामने सुरू केले. 2024 च्या अहवालासाठी शल्यविशारद, प्रशिक्षक, खेळाडू अशा दोनशेहून अधिक लोकांशी बोलणी झाली. बहुतेकांचं बोट तिथेच गेलं: वेगाचा पाठलाग, चेंडू अधिकाधिक वळवण्याचा पाठलाग, आणि पहिल्या चेंडूपासून पूर्ण जोर.

या जोराला लहान पाळीनेच खतपाणी घातलं, हे मला या सगळ्या प्रश्नाचं मर्म वाटतं. शंभर चेंडूंची मर्यादा आली तेव्हा हेतू हात वाचवण्याचा होता. पण नऊ इनिंग टाकायच्याच नसतील तर ताकद राखायची कशासाठी? पाच इनिंग आहेत, ओतून टाक. मागे बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या कोपऱ्यात, आठ जण तयार आहेत, प्रत्येक जण एकेक इनिंग शंभर मैलांनी टाकणारा. त्यातच संख्याशास्त्राने दाखवून दिलं की त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज जास्त चांगलं खेळतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेचा ब्लेक स्नेल नऊ जणांना स्ट्राइकआउट करून, फक्त एक हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) देऊन, आघाडी राखून खेळत होता. सहाव्या इनिंगमध्ये दुसरा हिट गेला आणि व्यवस्थापक केव्हिन कॅश त्याच्याकडून चेंडू घ्यायला बाहेर आला. चेंडू झाले होते 73. बदली पिचर आला, आघाडी गेली, वर्ल्ड सिरीज गेली. स्नेलचा हात वाचवण्याशी या निर्णयाचा काहीही संबंध नव्हता, हे ध्यानात घ्यावं. आज पिचरला लवकर काढतात ते मुख्यतः सामना जिंकायला. दुखापतीची काळजी हे त्या धोरणाचं कारण म्हणून पुढे केलं जातं तेव्हा मला राग येतो, कारण त्याच धोरणाची किंमत पिचरचं कोपर मोजतं. मोडलं तर संघाकडे दुसरं कोपर असतं.

बाकी कारणांवर वाद आहेत. 2023 मध्ये पिचिंगला घड्याळ लागलं, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकणं सक्तीचं झालं, आणि 2024 मध्ये, बेसवर धावपटू असताना मिळणारे 20 सेकंद 18 झाले, तेव्हा खेळाडू संघटनेने वाढत्या दुखापतींचं खापर त्यावर फोडलं. थकलेले स्नायू लिगामेंटला सांभाळू शकत नाहीत, म्हणून तर्काला आधार आहे. पण चढता आलेख घड्याळाच्या कितीतरी आधीचा आहे. पकडीसाठी चेंडूला लावल्या जाणाऱ्या चिकट पदार्थांवर 2021 मध्ये कारवाई झाली तेव्हा पिचर टायलर ग्लास्नोने आपल्या कोपराचा दोष चेंडू घट्ट धरावा लागण्याला दिला. तेही थोडंफार खरं असेल. दोन्ही गोष्टी मूळ रोगावर चढलेल्या आहेत.

मूळ रोग मोठ्या लीगमध्ये सुरूही होत नाही. 2007 ते 2011 या काळात अमेरिकेत झालेल्या टॉमी जॉन शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त, जवळजवळ 57 टक्के, 15 ते 19 वर्षांच्या मुलांवर झाल्या होत्या. ही आकडेवारी वाचून मला जे वाटलं ते कोणत्याही व्यावसायिक खेळाडूच्या दुखापतीने वाटलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी दहा वर्षं मुलांचा माग ठेवला. वर्षात 100 पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट निघाला. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात वर्षातले आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांना, हात थकलेला असताना टाकणाऱ्यांना धोका त्याहून जास्त निघाला. लिटल लीगने 2007 पासून मुलांसाठी चेंडूंची मर्यादा घातली. पण मुलगा शनिवारी एका संघाकडून, रविवारी दुसऱ्याकडून टाकतो आणि हिवाळ्यात पैसे भरून ‘शोकेस’ला जातो. तिथे कठड्यामागे स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, वेग मोजायची बंदूक धरून उभे असतात. जड चेंडूंनी सराव करून वेग वाढवायचे वर्ग आहेत. त्यावरच्या एका नियंत्रित अभ्यासात सहा आठवड्यांत मुलांचा वेग खरोखर वाढला, आणि जड चेंडूवाल्या गटातल्या सुमारे चौथाई मुलांना दुखापत झाली. दुसऱ्या गटात एकालाही नाही. कोपर धडधाकट असतानाही शस्त्रक्रिया करून घेतली की वेग वाढतो, असं मानणारी बरीच शाळकरी मुलं पाहण्यांमध्ये सापडली आहेत. 2015 मध्ये हॉल ऑफ फेममधल्या भाषणात जॉन स्मोल्ट्झने, स्वतः ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने, पालकांना कळकळीने सांगितलं की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही. आपलं नाव मुलांच्या कोपरांशी जोडलं गेल्याचं दुःख टॉमी जॉननेही बोलून दाखवलं आहे.

जपानने हीच लढाई दुसऱ्या टोकाकडून लढली. तिथे वेगाआधी निष्ठेचा प्रश्न होता. 1961 मध्ये चुनिची ड्रॅगन्सच्या हिरोशी गोंदो या नवख्याने 429 इनिंग टाकल्या. वेळापत्रक कसं, तर ‘गोंदो, गोंदो, पाऊस, गोंदो’, असं लोक म्हणत. दोन मोसमांत त्याचा हात गेला. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्याने पिचरांचे हात जपण्याचा आग्रह धरला. कोशिएनच्या शालेय स्पर्धेत 1998 मध्ये दाइसुके मात्सुझाकाने 148 चेंडूंच्या दुसऱ्या दिवशी 17 इनिंगमध्ये 250 चेंडू टाकले. एक दिवस जेमतेम उसंत घेऊन अंतिम सामन्यात त्याने एकही हिट दिला नाही. सगळा देश टीव्हीसमोर होता. 2019 मध्ये इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकाने रोकी सासाकीला खेळवलंच नाही, कारण त्याच्या हातावर आधीच खूप ताण आला होता. शाळा 12-2 ने हरली, कोशिएन हुकलं, आणि शाळेत संतापाचे फोन आले. त्या प्रशिक्षकाचं धाडस मला मात्सुझाकाच्या 250 चेंडूंपेक्षा कमी वाटत नाही. 2020 पासून तिथे आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा आहे. जगाच्या मानाने ती सैल आहे, पण जिथे काहीच नव्हतं तिथे ती आली. सासाकीचा खांदा मात्र 2025 मध्ये डॉजर्सकडे पहिल्याच मोसमात कुरकुरला. त्याचा वेग शाळेत असतानाच शंभर मैलांवर गेला होता.

भारताचाही एक धागा यात आहे. 2008 मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. बेसबॉल कधी न खेळलेली ही मुलं वर्ष संपायच्या आत पिट्सबर्गच्या करारावर सही करून मोकळी झाली. निवड झाली ती वेग आणि अचूकता पाहून, दुसरं पाहायला काही नव्हतंच. रिंकू खालच्या लीगमध्ये काही वर्षं चांगला टिकला, मग त्याच्याही कोपरावर हीच शस्त्रक्रिया झाली, आणि अखेर तो कुस्तीकडे वळला.

उपाय काय, यावर वैद्यक आता फार पुढे गेलं आहे. नवं लिगामेंट घालताना कृत्रिम पट्टीचा आधार देतात, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेले शोहेई ओहतानीसारखे खेळाडू परततात. पण वैद्यक दुरुस्ती करतं. खेळात फायदा कशाचा होतो ते नियम ठरवतात. 2022 पासून संघात जास्तीत जास्त 13 पिचर ठेवता येतात. तो आकडा अकरावर आणला तर एकेक इनिंग ओतून टाकणाऱ्यांची फौज बाळगता येणार नाही. अटलांटिक लीगमध्ये प्रयोग झाला की सुरुवातीचा पिचर काढला तर त्याच्याबरोबर पिचरऐवजी बॅटिंग करणारा खास फलंदाजही गमवायचा. 2024 मध्ये सुरुवातीच्या पिचरला सहा इनिंग बंधनकारक करण्याची चर्चा मेजर लीगमध्ये झाली. शंभर चेंडू झाले, चार धावा गेल्या किंवा दुखापत झाली तर सूट. यातला कुठलाही नियम चालेल, अट एकच: पाऊण जोराने टाकलेल्या सातव्या इनिंगची किंमत पूर्ण जोराच्या पाचव्या इनिंगपेक्षा जास्त व्हायला हवी.

धोका असा की आजचे पिचर पूर्ण जोरावरच वाढलेले आहेत. उद्या अचानक त्यांच्यावर सहा इनिंग लादल्या तर ते पूर्ण जोरानेच सहा टाकतील आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत कोपरं आणखी मोडतील. म्हणून नियम वरून एका झटक्यात न लादता खालच्या लीगपासून, टप्प्याटप्प्याने, पाच-सात वर्षांची मुदत देऊन आणावा लागेल. आणि शोकेसमध्ये चौदा वर्षांच्या मुलाचा वेग मोजून तो यादीत छापणं त्याआधी बंद करावं लागेल. स्काउट संघांच्या पगारावर असतात. बंदूक खिशात ठेवायला सांगायचा अधिकार संघांना आजही आहे, त्यासाठी कुठल्या अहवालाची किंवा नव्या नियमाची वाट पाहायची गरज नाही.